शरीराची बंदिस्ती आणि रुग्णाची शुश्रूषा

आमच्या विषयाला दोन बाजू आहेत. सांसर्गिक रोगाचे जंतू अंगात शिरले असता शरीर स्वतः काय करते, ही एक बाजू. आणि अशा वेळी रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाने काय करावे, ही दुसरी. पहिली बाजू डॉक्टरांची आणि दुसरी घरातल्या बायामाणसांची, अशी वाटणी आपण मनातल्या मनात करून टाकलेली असते. पहिलीत शास्त्र आहे आणि दुसरीत नुसती माया आहे, असेही आपण धरून चालतो. ही समजूत बरोबर नाही. शुश्रूषा हेही एक शास्त्र आहे आणि ते शरीराच्या अंगच्या शक्तीवरच उभारलेले आहे, एवढीच गोष्ट आम्हांस येथे मांडावयाची आहे.

वसंतात हा विषय काढण्यास कारण आहे. थोड्याच दिवसांत मृग लागेल. पेणच्या खारेपाटात आणि रोह्याला कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर माणसे गुडघाभर चिखलात उतरतील. विहिरींत गढूळ पाणी उतरेल. घरोघर ताप, हगवण, कावीळ यांची ये-जा सुरू होईल. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा चार गोष्टी आजच समजून घेतलेल्या बऱ्या.

बाहेरकाठा आणि राखणदार

खारेपाटातील मनुष्यास बाहेरकाठा म्हणजे काय हे सांगावयास नको. भरतीचे खारे पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून खाडीच्या अंगाला जो मातीचा बांध घालतात, तो बाहेरकाठा. तो धड आहे तोवर आत भात पिकते. पण खेकड्याने एखादे बीळ पाडले आणि त्याकडे कोणी लक्ष दिले नाही, तर उधाणाच्या एका रात्रीत तेथे खांड पडते, शेत खाऱ्या पाण्याखाली जाते, आणि पुढे कित्येक पावसाळे तेथे धड पीक येत नाही.

शरीराचा बाहेरकाठा म्हणजे आपली कातडी. धडधाकट, कोरड्या कातडीतून रोगजंतूंना सहसा वाट मिळत नाही. जेथे अशी कातडी नाही तेथे निसर्गाने वेगळी सोय केली आहे. नाकात व श्वासनलिकेत चिकट स्राव असतो. जंतू त्यात अडकतात, आणि अतिसूक्ष्म केसांची हालचाल तो स्राव घशाकडे लोटीत राहते. अश्रूंत व लाळेत जंतूंचे कवच फोडणारे द्रव्य असते. जठरातील आम्ल तर इतके तीव्र असते की पाण्याबरोबर पोटात गेलेले पुष्कळसे जंतू तेथेच मरतात.

या बंदिस्तीतूनही जो आत शिरला, त्याची गाठ आतल्या राखणदारांशी पडते. हे राखणदार म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, त्या चार ते अकरा हजार असतात. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात बारीक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतो, तो त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परक्या वस्तूला घेरून गिळून टाकणाऱ्या पेशी शरीरात असतात, हे त्यावरून त्याने ताडले. या शोधासाठी १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या पायात काटा मोडला म्हणजे ती जागा लाल होते, सुजते, ठणकते; ती या राखणदारांच्या धावपळीची खूण होय. पू म्हणून जो येतो त्यात लढता लढता मेलेल्या पांढऱ्या पेशीच पुष्कळ असतात.

तापही असाच. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी रक्तात काही द्रव्ये सोडतात; ती मेंदूपर्यंत पोहोचली की मेंदू शरीराची उष्णता वाढवितो. वाढलेल्या उष्णतेत पुष्कळ जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशींचे काम जोरात चालते. तेव्हा ताप हा स्वतः रोग नव्हे. रोगाशी चाललेल्या लढ्याचा तो खर्च आहे. पण खर्च मोठा असतो. उष्णता एका सेल्सिअस अंशाने वाढली की शरीराला लागणारी शक्ती साधारण दहा-बारा टक्क्यांनी वाढते, आणि घामावाटे व श्वासावाटे पाणीही अधिक जाते.

पेणच्या कारखान्यातील साचा

पांढऱ्या पेशींत एक जात अशी आहे की ती वाटेल त्या जंतूवर धावून जात नाही. प्रत्येक जंतूच्या अंगावरची ठेवण पाहून नेमकी त्यालाच चिकटतील अशी द्रव्ये ती तयार करते. या द्रव्यांस प्रतिपिंडे म्हणतात. प्रतिपिंडे चिकटली की जंतू पांगळा होतो, आणि गिळणाऱ्या पेशींना तो चटकन ओळखू येतो.

हे काम कसे चालते ते पेणकरांस लवकर समजेल. गणपतीच्या कारखान्यात नव्या घडणीची मूर्ती करावयाची म्हणजे पहिला नमुना हाताने घडविण्यातच बरेच दिवस जातात. पण एकदा त्यावरून साचा निघाला की मूर्तीमागून मूर्ती भराभर उतरते. आणि हंगाम संपला तरी साचा माळ्यावर जपून ठेवलेला असतो. शरीराचेही तसेच आहे. नवा जंतू प्रथम भेटला म्हणजे प्रतिपिंडे पुरेशी तयार होण्यास आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. मग रोग हटतो, बहुतेक पेशी मरून जातात, परंतु थोड्या मागे राहतात व तो साचा जपतात. तोच जंतू पुन्हा आला तर शरीर दोन-चार दिवसांतच सज्ज होते. ज्याला एकदा गोवर येऊन गेला त्याला तो सहसा पुन्हा येत नाही, याचे कारण हेच.

मात्र साचा ज्याचा त्याचाच. गोवराची आठवण कांजिण्यांच्या कामी येत नाही. ‘आमची प्रकृती दणकट आहे, आम्हांस काही होत नाही,’ असे पुष्कळ जण म्हणतात. दणकट प्रकृती चांगलीच. पण अनोळखी जंतूपुढे पैलवानालाही पहिला आठवडा काढावाच लागतो.

या पहिल्या आठवड्यातच सगळे मर्म आहे. जंतू तासातासाला वाढत असतात आणि शरीराचा साचा तयार व्हावयास दिवसांमागून दिवस लागतात. काही रोगांवर जंतू मारणारी औषधे आहेत आणि ती वेळेवर घेतलीच पाहिजेत. काहींवर अद्याप नाहीत. पण औषध असो वा नसो, साचा तयार होईपर्यंत रुग्णाच्या अंगातील पाणी टिकले पाहिजे, श्वास चालू राहिला पाहिजे, शक्ती पुरली पाहिजे, आणि नवी खांड पडता कामा नये. हे ज्याने करावयाचे त्याचे नाव शुश्रूषक. शरीराला हवा असलेला वेळ मिळवून देणे, ही आमच्या मते शुश्रूषेची व्याख्या होय.

करोनाच्या साथीत हे सगळ्या जगाने पाहिले. २०२० च्या आरंभी त्या रोगावर ना लस होती ना खात्रीचे औषध. तरीही अत्यवस्थ झालेले पुष्कळ रुग्ण बरे झाले. त्यांना प्राणवायू मिळाला, परिचारिकांनी त्यांना पालथे झोपवून फुप्फुसांना मोकळीक दिली, पाणी व अन्न मोजून दिले, रात्र-रात्र जागून नाडी व श्वास पाहिला. भारतात लस टोचण्यास १६ जानेवारी २०२१ रोजी प्रारंभ झाला. तोवरचे सारे महिने माणसांनी माणसांना शुश्रूषेच्या बळावर तगवून धरले होते.

दोन महिन्यांचे अंतर

साचा तयार व्हावयास वेळ लागतो, तर रोग येण्यापूर्वीच तो तयार करून ठेवता येणार नाही काय? येतो, लस म्हणजे तेच. मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू, अथवा त्याचा एखादा तुकडा शरीरास दाखविला की शरीर त्यावरून साचा करून ठेवते. हिंदुस्थानात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, १९८० साली, देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. वडीलधाऱ्यांच्या दंडावरचे देवी काढल्याचे वण आता इतिहासजमा होत चालले आहेत.

लस आणि शुश्रूषा यांचे नाते समजण्यासाठी १८९७ साल आठवावे. १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईत प्लेग उद्भवला. माणसे घरेदारे टाकून कोकणात व देशावर पांगली, आणि रोगही त्यांच्याबरोबर फिरला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगचे जंतू वाढविले, उष्णतेने मारले, आणि त्यांची लस करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांच्याच नावाची संस्था परळला अजून उभी आहे.

त्याच वर्षी १० मार्च रोजी, म्हणजे बरोबर दोन महिन्यांनी, पुण्याकडे सावित्रीबाई फुले प्लेगने वारल्या. चिरंजीव डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी चालविलेल्या दवाखान्यात त्या शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला कोणी हात लावीना, तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, आणि रोग त्यांना जडला. प्लेग उंदरावरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखविले ते १८९८ साली. म्हणजे सावित्रीबाई सेवेला उभ्या राहिल्या तेव्हा शत्रू कोठून येतो हेही कोणास ठाऊक नव्हते.

ही हकीगत आपण त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात आणखी एक धडा आहे. शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगीही रोगप्रतिकाराचे कवच हवे. ज्याने दुसऱ्यास वेळ मिळवून द्यावयाचा, त्यालाच रोगाने गाठले तर घरात एकाचे दोन रुग्ण होतात आणि पाहणारे कोणी उरत नाही. आज लस आहे, साबण आहे, मुखपट्टी आहे, रोग कसा पसरतो याचे ज्ञान आहे. एवढे असून जर आपण घरातल्या बाईला अथवा रुग्णालयातल्या परिचारिकेला निःशस्त्र लढावयास लावू, तर तो त्यांचा त्याग नव्हे, आपली बेफिकिरी होय.

चिखलातला ताप

आता आपल्याकडच्या एका रोगावर हे सगळे लावून पाहू. लेप्टोस्पायरोसिस, ज्याला लोक लेप्टो म्हणतात, तो पावसाळी कोकणाच्या चांगल्या ओळखीचा झाला आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई व आसपासच्या भागात त्याने पुष्कळ माणसे आजारी पाडली. याचे जंतू उंदरांच्या, तसेच गुरे, कुत्री, डुकरे यांच्या मूत्रातून पाण्यात व चिखलात येतात. लावणीच्या वेळी तासन्‌तास पाण्यात राहून पायाची कातडी भिजून मऊ होते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, खेकड्याने वा दगडाने एखादे खरचटलेले असते. बाहेरकाठ्याला पडलेली बिळे ती हीच. तेथून, किंवा डोळ्या-नाकातून, जंतू रक्तात शिरतो.

बहुधा पाच ते चौदा दिवसांनी एकाएकी ताप भरतो. डोके दुखते, डोळे लाल होतात पण चिकटत नाहीत, आणि पोटऱ्या अशा दुखतात की हात लावू देववत नाही. ‘लावणीने अंग आंबले आहे,’ म्हणून मनुष्य दोन दिवस अंगावर काढतो. घात होतो तो येथेच. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतात. याच वेळी योग्य प्रतिजैविक मिळाले तर बहुतेक रुग्ण सुखरूप सुटतात. पुढे काहींना कावीळ होते, मूत्रपिंडे थकतात, फुप्फुसांत रक्तस्राव होतो, आणि मग काम अवघड होऊन बसते.

येथे एक शंका नेहमी येते. तिसऱ्या दिवशी रक्त तपासले, ‘लेप्टो नाही’ असा निकाल आला, आणि आठव्या दिवशी तोच रोग निघाला. मग तपासणी खोटी की काय? खोटी नव्हे. नेहमीची तपासणी जंतू शोधीत नाही, प्रतिपिंडे शोधते. आणि ती तयार व्हावयास साधारण आठवडा लागतो हे आपण वर पाहिले. कारखान्यात साचाच अजून निघाला नाही, तर मूर्ती कोठून दिसणार? म्हणून चिखलात काम केलेल्या माणसाने, तो चिखलात होता हे डॉक्टरांस आपण होऊन सांगावे, आणि कागद हाती येईपर्यंत उपचार लांबवू नयेत. शिवाय या जंतूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. एकाचा साचा दुसऱ्यास पुरत नाही. ‘मागल्या वर्षी होऊन गेला, आता भीती नाही,’ असे लेप्टोच्या बाबतीत म्हणता येत नाही.

उशाशी बसणाऱ्याने अशा रुग्णाचे तीन हिशेब ठेवावे. पहिला लघवीचा. जुन्या बाटलीवर खुणा करून चोवीस तासांची लघवी मोजावी. प्रौढ माणसाची ती अर्ध्या लिटरहून कमी भरली, किंवा सहा-आठ तास झालीच नाही, तर रात्र आहे म्हणून थांबू नये. दुसरा श्वासाचा. धाप लागणे, खोकल्यातून रक्त येणे ही धोक्याची घंटा आहे. तिसरा शुद्धीचा. माणूस बरळू लागला, अति झोपाळू झाला, तर त्याला तसाच झोपू देऊ नये. या तिन्ही प्रसंगी पेण आणि रोहा येथील उपजिल्हा रुग्णालये जवळ आहेत; तेथे न्यावे. अंगदुखीवर दुकानातून वाटेल ती वेदनाशामक गोळी आणून देणे टाळावे, कारण त्यांतील पुष्कळ गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. तापावर पॅरासिटामॉल, तेही बेताने, एवढेच घरी करण्यासारखे आहे. रुग्णाची लघवी हातमोजे घालून हाताळावी आणि नंतर साबणाने हात धुवावे.

पेज, मीठ आणि साखर

शुश्रूषा म्हणजे वेळ मिळवून देणे, याचा याहून सुंदर दाखला हगवणीत व पटकीत मिळतो. या रोगांत मनुष्य बहुधा जंतूच्या विषाने थेट मरत नाही. अंगातले पाणी व क्षार निघून गेल्याने मरतो. आतड्याचे अस्तर काही दिवसांत स्वतःच सुधारते. प्रश्न एवढाच, की तोपर्यंत पाणी कसे टिकवावे.

१९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरून ठेविली, आणि रुग्णांच्या आयाबहिणींनाच ते पाणी पाजावयास सांगितले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. नुसते पाणी किंवा नुसते मीठ असते तर हे साधले नसते. आतड्यातून मीठ व साखर जोडीने आत जातात आणि पाण्याला बरोबर ओढून नेतात. रोगाने आतडे कितीही पिडलेले असले तरी हे दार बहुधा उघडे राहते.

जलसंजीवनीची पुडी आता आरोग्य उपकेंद्रात व आशाताईंकडे मिळते. ती नसेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात साखर सपाट सहा चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा घालावे. मीठ अंदाजाने जास्त घालू नये. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. आपल्या कोकणात तर मीठ घातलेली तांदळाची पातळ पेज घरोघर होते. तांदळाच्या पिठुळापासून आतड्यात साखरच तयार होते, म्हणून ती पेजही याच कामाची आहे. ‘हगवण लागली, पाणी तोडा,’ असे कोणी सांगितले तर ते ऐकू नये. अंगावरचे दूध तोडू नये. लहान मुलांना डॉक्टर किंवा नर्सबाई चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या देतात. जुलाब थांबले तरी त्या पुऱ्या कराव्या. डोळे खोल जाणे, चिमटीत धरलेली पोटाची कातडी सावकाश बसणे, मूल मलूल होऊन पीत नसणे, ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

दारावरचा कडुलिंब

जुन्या काळी घरात देवी अथवा गोवर आला की दारावर कडुलिंबाचा डहाळा लावीत. त्यामागील समजुती आपण बाजूला ठेवल्या, तरी त्या डहाळ्याने एक काम होत असे. येथे आजारी आहे, परक्याने आत येऊ नये, गोंगाट करू नये, हे न बोलता कळे. विलगीकरण म्हणून आज आपण जे सांगतो त्याची ती घरगुती रीत होती. गोवराचा एक रुग्ण, लस न घेतलेल्या माणसांत, बारा ते अठरा जणांस रोग देऊ शकतो. तेव्हा ही रीत सोडण्याजोगी खचित नव्हे.

सोडण्याजोग्या रीती वेगळ्याच आहेत. तापकऱ्याला लंघन घडविणे ही एक. तापात शरीराचा खर्च वाढतो हे समजल्यावर त्याची मिळकत बंद करणे कसे योग्य ठरेल? भूक नसते हे खरे. म्हणून थोडे थोडे, पातळ, पण वरचेवर द्यावे. खिडक्या बंद करून चार पांघरुणे घालणे ही दुसरी. खोलीत वारा खेळता असला की हवेतील जंतू विरळ होतात. घरच्यांचे रक्षण त्यातच आहे. अंग पुसावयाचे ते कोमट पाण्याने; बर्फाच्या पाण्याने हुडहुडी भरते आणि ताप आत कोंडतो. गोवराच्या मुलाला वयाच्या मानाने ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस दवाखान्यात देतात. ते चुकवू नयेत, कारण त्याने डोळे व प्राण दोन्ही वाचतात.

आणि नवजात बालकाचे चिकाचे दूध पिळून टाकणे, ही रीत तर सर्वांत आधी गेली पाहिजे. त्या पिवळसर दुधात आईची प्रतिपिंडे भरपूर असतात. पोटातील वाटेवर ती पहारा करतात. गर्भातच आईकडून रक्तावाटे मिळालेली निराळी प्रतिपिंडे काही महिने पुरतात आणि मग ओसरतात. ती अंगात असताना गोवराची लस नीट लागू पडत नाही, आणि ती गेल्यावर उशीर करणे धोक्याचे. म्हणून गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पुरे झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. वेळापत्रक कोणी लहरीने ठरविलेले नाही. साचा कधी निघेल हे पाहून ते आखलेले आहे.

शुश्रूषा, आयती प्रतिपिंडे आणि लस ही तिन्ही एकत्र पाहावयाची असतील तर पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याचा उपचार पाहावा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे, ही शुश्रूषा. खोल जखमेत तयार प्रतिपिंडे टोचणे, ही उसनवारी. आणि लस, ही स्वतःची कमाई. विषाणू मेंदूपर्यंत जावयास बहुधा काही आठवडे घेतो. तेवढ्यात शरीराचा साचा तयार करावयाचा असतो. तीच वेळ हळद-चुना लावण्यात घालविली, आणि रोगाची लक्षणे एकदा दिसली, की मग जवळजवळ कोणीच वाचत नाही.

मृगापूर्वी करावयाचे

रुग्णसेवा हे हलके काम, अशी समजूत आपल्याकडे फार दिवस होती. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले, आणि त्या संस्थेने ससून रुग्णालयात मुलींना व विधवांना परिचर्येचे शिक्षण देवविले, तेव्हा समाजाने नावे ठेविली. आज नावे कोणी ठेवीत नाही. पण रुग्ण बरा झाला की पेढे डॉक्टरांकडे जातात, आणि रात्रभर नाडी पाहणारीचे नाव कोणाला आठवत नाही. घरातही तेच. ताप कोणालाही येवो, जागरण एकीचेच असते. पुरुषमंडळींनी लघवी मोजणे, पेज पाजणे, अंग पुसणे शिकून घेतले, तर त्यात कमीपणा नाही. उलट घरात दुसरा राखणदार तयार होतो.

मृग लागण्यापूर्वी प्रत्येक घराने एवढे करावे. मुलांची लसींची कार्डे काढून पाहावी आणि राहिलेली लस उपकेंद्रात जाऊन टोचून घ्यावी. जलसंजीवनीच्या चार पुड्या व एक तापमापक घरात ठेवावा. शेतात उतरणाऱ्यांसाठी गमबूट मिळाल्यास आणावे. पायाच्या भेगा व जखमा आताच बऱ्या करून घ्याव्या. आणि लेप्टोची प्रतिबंधक गोळी आपणांस हवी की नको, हे आरोग्य केंद्रात विचारावे.

शहरात राहणाऱ्यांस आणखी एक काम आहे. आपल्या डोंगरपट्ट्यातील वाड्यांवरची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या सहा-सात महिन्यांत त्यांच्या मुलांची लस हमखास चुकते. नर्सबाई वाडीवर जातात तेव्हा झोपडी बंद, आणि भट्टीवरच्या यादीत मुलाचे नाव नाही. ज्यांच्या ओळखीत, शेतावर, भट्टीवर असे एखादे कुटुंब असेल, त्यांनी ते परतल्याची वर्दी आशाताईंना द्यावी. बाहेरकाठा सगळ्या गावाचा एकच असतो. खांड कोणाच्या शेताजवळ पडली यावर पाणी थांबत नाही. खारेपाटातील शेतकरी उधाणापूर्वी बांधावरून एक फेरी मारतो आणि बिळे दिसतील तेथे मूठमूठ चिखल लावीत जातो. अजून उधाण आलेले नाही.